तराफ्याच्या वाटेत कयाक

प्रश्न : बामणोलीजवळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आम्ही हौसेने कयाक वल्हवतो. समोरून वाहने नेणारा तराफा आला, तर वाट कोणी द्यायची?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाट आपणच द्यावी, आणि तीही वेळेत. सागरी टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अरुंद जलमार्गात २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने, त्या मार्गाबाहेर सुरक्षितपणे जाऊ न शकणाऱ्या जहाजाला अडथळा करू नये. हे नियम मुळात समुद्राचे असले, तरी भरलेल्या तराफ्याला चटकन थांबता येत नाही, हे कोयनेच्या पाण्यातही तितकेच खरे. शिवाय तराफ्यावर जीपगाड्या उभ्या असताना चालकाला पाण्यालगतचे आपले डोके दिसेलच असे नाही. तराफ्याला मागून वळसा घालावा आणि त्याच्या लाटा कुशीवर न घेता कयाकचे टोक त्यांच्याकडे वळवावे. लाईफ जॅकेट पायाशी ठेवण्याची (सर्रास दिसणारी) सवय सोडून ते पट्टे आवळून अंगात घालावे.