अंदाज 'लावू' नका, घ्या

प्रश्न असा आला आहे: रस्ता ओलांडणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना 'गाडीच्या वेगाचा अंदाज लावून तो थांबला' बरोबर, की 'अनुमान काढून तो थांबला'?

दोन्ही नकोत. 'अंदाज लावणे' ही हिंदीची उसनवारी आहे आणि ती रोज ऐकून कान किटले आहेत. मराठीत अंदाज येतो, घेतात, बांधतात, चुकतो. लावत नाहीत.

'अनुमान' तर इथे अर्थानेच चूक. अंदाज फारसी म्हणून हाकला आणि त्याच्या जागी अनुमान बसवलं की भाषा शुद्ध झाली, असं मानणाऱ्यांनी न्यायसूत्रं, म्हणजे न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ, तरी उघडून पाहायची होती. तिथे अनुमानाची ओळखच 'तत्पूर्वकम्' अशी आहे: आधी प्रत्यक्ष, मागून अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही, म्हणून आगीचं अनुमान. अंगावर येणारी गाडी तर डोळ्यांसमोर आहे!

आता खरी गंमत. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, आणि 'अंदाज' त्याचंच रूप. तीर फेकणारा तिरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाज, वीज फेकणारा, म्हणजे बंदूकवाला, तो बरकंदाज. त्याच घरातला 'अंदाजा' म्हणजे माप. हे माप अरबीत गेलं आणि 'हंदसा' झालं, म्हणजे भूमिती. अरबीत इंजिनियरला 'मुहंदिस' म्हणतात ते त्यावरूनच. फेकणं आणि मोजणं एका शब्दात कसं नांदतं? शब्दकोशासारखं दोन अर्थांना दोन आकडे देऊन मोकळं होणं मला मुळीच पटत नाही. माझ्या मते हा एकच अर्थ आहे. नेम धरणाऱ्याचं मोजमाप फेकीतच असतं, आधी वेगळं होत नाही. इंग्रजीतला 'एम', म्हणजे नेम, हाही 'एस्टिमेट'च्याच लॅटिन मुळातून आला आहे. आपणही नजर 'टाकतो' आणि अंदाज घेतो.

मानसशास्त्रात याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने मांडलं की पाहणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सनने (१९०४–१९७९) ते नाकारलं: आपण हलतो तशी डोळ्यांपर्यंत येणाऱ्या प्रकाशाची रचना बदलते, आणि त्या बदलातच कृतीला पुरेशी माहिती असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये ते गाडीच्याच बाबतीत दाखवलं. समोरच्या वस्तूची प्रतिमा किती मोठी आहे आणि किती झपाट्याने मोठी होते आहे, या दोहोंच्या गुणोत्तरातून धडकेला उरलेला वेळ मिळतो, वेग कायम असेल तर. अंतर ठाऊक नको, वेगही नको. म्हणजे तो माणूस 'वेगाचा' अंदाज घेतच नव्हता. उरलेल्या वेळाचा घेत होता. गॅनेट हे समुद्रपक्षी सूर मारताना पाण्याला टेकण्याआधी नेमके पंख मिटतात, त्याचंही स्पष्टीकरण ली यांनी असंच दिलं. त्या पक्ष्याने अनुमान काढलं असं कोणी लिहील का?

मराठीचं क्रियापद इथे किती चोख आहे पाहा. ओढ्याच्या काठाशी उभं राहिलं की उडी जमेल की नाही याचा अंदाज 'येतो'. तो समोरून येतो, आपण काही करत नाही. पुरेसा आला नाही तर पुढेमागे होऊन, मान वळवून तो 'घेतो'. आणि ओढा समोर नसताना, पाऊस कसा झाला एवढंच ऐकून पाण्याचा अंदाज 'बांधतो'. यातल्या फक्त शेवटच्याला अनुमान म्हणा, माझी हरकत नाही.

जाता जाता 'अंदाजपंचे दाहोदरसे'. बावीस पाचे एकशे दहा, जुन्या पाढ्यात 'बावीसा पंचे दाहोदरसे'. यातला बावीस काढून तिथे अंदाज बसवला आहे: गुणायचा आकडाच हाती नाही आणि उत्तर मात्र ठणकावून सांगायचं.