होणाऱ्या सासरच्या कर्जाला जामीन राहावं का?

सोलापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. हातात ६२ हजार येतात, साठवलेले १४ लाख आहेत. लग्न ठरलंय ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदाराच्या मुलाशी. त्या पै-पैचा हिशेब लिहितात, त्याला कालचा खर्च आज आठवत नाही. त्याचे वडील आणि काका वेगळे निघायच्या बेतात आहेत. सासरे म्हणतात, १० लाख घाल, भागीदार हो आणि १.८ कोटींच्या कॅश क्रेडिटला (लागेल तसं उचलायचं, ठरलेल्या मर्यादेचं बँक कर्ज) जामीन राहा.

ताई, जामीनकीला सरळ नाही म्हणा. करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कारखाना विकून मगच तुमच्याकडे यायचं, असं बंधन बँकेवर नसतं. साडेदहा टक्के दर धरला तरी नुसतं व्याज महिन्याला १ लाख ५७ हजारांवर जातं, म्हणजे तुमच्या पगाराच्या अडीचपट. नंतर पत्र देऊन जामीनकी मागे घेतली, तरी तोवरची बाकी तुमच्या डोक्यावर राहतेच. लग्न मोडलं तरीसुद्धा.

भावाभावांच्या भांडणात चांगला चालता कारखानाही बसतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. एक भागीदार बँकेला लिहून देतो, "माझ्या सहीशिवाय व्यवहार करू नका." बँक खातं थांबवते. सूतवाल्याला दिलेले चेक परत जातात, उधारी बंद होते, माग थांबतात. ९० दिवस व्याजाइतकाही भरणा झाला नाही की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं, आणि त्यामागून सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखालची, ६० दिवसांची नोटीस. हातात ऑर्डरी असतानाही हे होतं.

भागीदारीचा विषय तुमची नोकरीच मिटवते. जिल्हा परिषदेच्या वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. शिवाय भागीदार म्हणून फर्मच्या देण्याला तुमची स्वतःची मिळकतही बांधली जाते. सासऱ्यांना हेच कारण सांगा. ते खरं आहे आणि कुणाचा मान दुखावत नाही.

राहिले १० लाख. फर्मला एक रुपयाही देऊ नका. बँकेच्या मंजुरीपत्रात बहुधा अट असते की घरच्यांकडून घेतलेली रक्कम कर्ज चालू असेपर्यंत परत करायची नाही. म्हणजे फर्मची इच्छा असली तरी तुमचे पैसे अडकतील. मदत करायचीच असेल तर होणाऱ्या नवऱ्याला व्यक्तिशः, जास्तीत जास्त ३ लाख, बँकेतून, परतफेडीची तारीख लिहून द्या; २० हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी रोखीत चालत नाही. पीपीएफ मोडू नका, त्यावर कोर्टाची जप्ती येत नाही.

लग्नाआधी त्याच्याकडून तीन कागद मागा: भागीदारीपत्र, फर्मच्या ताळेबंदातलं त्याचं भांडवल खातं (फर्ममध्ये त्याचे किती पैसे आहेत ते दाखवणारं) आणि प्लॉटचा भाडेपट्टा. एमआयडीसीची जागा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. तो कुणाच्या नावावर आहे, यावर वाटणीत कारखाना कुणाकडे जाईल हे बरंचसं ठरतं. भांडवल खातं उणे असेल, तर बहुधा तो मिळकतीपेक्षा जास्त उचल घेत आलाय.

स्वभावांचं म्हणाल, तर दोघंही बदलण्याची गरज नाही. त्याची मोकळी उचल बंद करून महिना ४० हजारांचा ठरलेला मोबदला भागीदारीपत्रात लिहून घ्या. त्यातले २५ आणि तुमचे २५ हजार घरखर्चाच्या संयुक्त खात्यात टाका. उरलेल्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. सहा महिने हे पाळलं गेलं तर मला या लग्नाची आर्थिक चिंता वाटणार नाही.

लग्नानंतर लगेच त्याने स्वतःच्या आयुष्यावर १ कोटीचा टर्म विमा काढावा, विवाहित स्त्री संपत्ती कायदा १८७४ खाली, तुम्हाला लाभार्थी करून. मग फर्म ज्यांचं देणं लागते त्यांना ती रक्कम मिळत नाही. मात्र हा पर्याय प्रस्ताव अर्ज भरतानाच निवडावा लागतो. पॉलिसी निघाल्यावर जोडता येत नाही.