जनरेटर लहान घ्या, बाथरूम आधी शोधा

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजचे जुने मित्र मिळून वाईजवळच्या एका गावात शॉर्टफिल्म करतोय, ४ दिवस शूट, २८ माणसं, त्यात ९ मुली. कचरा आणि डिझेल कमी व्हावं आणि कुणाची आबाळ होऊ नये एवढीच इच्छा आहे, पण बजेट म्हणजे नुसता आनंद. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अरे, रेकीपासून, म्हणजे शूटच्या जागा आधी बघून येण्यापासून. रेकीला गेलात की तुम्ही सगळे फ्रेम बघत फिरणार, नदी काय, घाट काय, वाडा काय. एकाला तरी फक्त दोन गोष्टी बघायला लावा, प्लग कुठे आहे आणि बाथरूम कुठे आहे.

जनरेटरवाला तुम्हाला सवयीने ६२ केव्हीएचं (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप) धूड पाठवणार. तुमच्या लाइटदादाला आधी कागदावर लोड मांडायला सांग. ३०० वॉटचे ४ एलईडी म्हणजे १२०० वॉट, मॉनिटर आणि बॅटऱ्यांचं चार्जिंग धरलं तरी २ किलोवॉटच्या आसपास, याला ५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर भरपूर झाला. मोठं मशीन एवढ्याशा लोडवर चालवलं की दर युनिटमागे डिझेल जास्त पितं आणि वर काजळी धरतं, आणि १ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भाडं वाचेल ते वेगळंच. फक्त केबल लांब घ्या म्हणजे जनरेटर दूर ठेवता येईल, नाहीतर प्रत्येक टेकला साउंडवाला कपाळाला हात लावेल.

पाण्याचं गणित तर सोपंय. माणशी रोज ६ बाटल्या धरल्या तर ४ दिवसांत ६७२ बाटल्या होतात, त्यातल्या निम्म्या अर्ध्या पिऊन कुठेतरी ठेवलेल्या, कारण कुणाची कुठली ते कुणालाच आठवत नाही. २० लिटरचे जार मागवा, प्रत्येकाने घरून स्टीलची बाटली आणायची आणि तिच्यावर मार्करने नाव घालायचं, हे कॉलशीटवरच, म्हणजे रोजच्या शूटच्या वेळापत्रकावरच लिहा.

आता बाथरूम. मी असिस्टंट होते तेव्हा हिरोइनला बाथरूमवाली व्हॅनिटी व्हॅन असायची आणि आम्ही मुली सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, जायचं कुठे हा प्रश्न! पुढे त्याची दुखणी निघाली. म्हणून गावातलं एखादं घर चार दिवसांसाठी ठरवा, रोजचे पैसे ठरवून द्या, घरातल्या काकूंच्या हातात द्या. दर दोन-अडीच तासांनी ब्रेक लावा, कारण 'लागली तर सांगा' म्हटल्यावर कुणीही मुलगी सांगत नाही. आणि हो, १० किंवा जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. मित्रमित्रच आहोत म्हणून सोडून देऊ नका, मित्रांच्यातच बोलायला जास्त अवघड जातं.

प्रश्न : आमच्या गोष्टीत एक कर्णबधिर मुलगी आहे. ऐकू येणाऱ्या नटीला खुणा शिकवून चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालवतात बरेच जण, पण आधी कर्णबधिरांच्या शाळेत, संस्थेत जाऊन शोधलंत का? २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की पडद्यावर अपंग व्यक्ती दाखवताना त्यांना सोबत घ्या. तेव्हा स्क्रिप्ट तरी तशा कुणाला आधी वाचायला द्या, शूट संपल्यावर नाही. सेटवर खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा, त्याचं मानधन पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा. आणि मराठी कॅप्शन टाकाल तेव्हा नुसते डायलॉग नकोत, 'दार वाजतं', 'लांबून ढोल' हेही लिहा. अशाच एका शूटला, ऐकू न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून आम्ही अ‍ॅक्शनसाठी लाल रुमाल हलवायचो, कट म्हणजे रुमाल खाली. तिसऱ्या दिवशी आमचे स्पॉटदादा चहा झाला हेसुद्धा रुमाल हलवूनच सांगत होते, आणि अख्खं युनिट धावत होतं.