टी-फाइव्ह स्वस्तात मिळतेय, पण एफडीला हात लावू नका

प्रश्न : पुण्यात सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे. एकूण ६० ट्यूब, सगळ्या ३६ वॉटच्या, तांब्याच्या चोकवाल्या. हॉलमधल्या ४० ट्यूब रोज १६ तास जळतात. जिना, डब्याची खोली वगैरेतल्या २० जेमतेम दोन तास. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर युनिटला १२ रुपये पडतात. एक विक्रेता २८ वॉटच्या टी-फाइव्ह ट्यूब फिटिंगसह २५० रुपयांना देतोय. एलईडी पट्टी ३५० ची. दुसऱ्याने फॉल्स सीलिंग आणि पॅनेल लाइट मिळून ९० हजारांचं कोटेशन दिलंय. मुलांच्या अनामत रकमेची एक लाखाची एफडी आहे, ती मोडू का?

उत्तर : पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबलो. अनामत तुमची नाही. परीक्षेचा निकाल लागला की मुलं गठ्ठ्याने जागा सोडतात आणि त्याच आठवड्यात पैसे मागतात. ती एफडी दिव्यांसाठी मोडायची नाही, आणि खरं तर गरजही नाही.

आता ट्यूबकडे येऊ. ३६ वॉट हा नळीवरचा आकडा. तांब्याचा चोक स्वतः तापून आणखी १२-१४ वॉट खातो. म्हणजे एक दिवा साधारण ४८ वॉटचा धरा. टी-फाइव्ह नळी बोटभर जाडीची, १६ मिलिमीटर व्यासाची, आणि इलेक्ट्रॉनिक चोकवर चालते, त्यामुळे सगळं मिळून ३२ वॉट. एलईडी पट्टी २०. हॉलमधल्या एका दिव्यामागे टी-फाइव्हने महिन्याला सुमारे ९२ रुपये वाचतील, एलईडीने १६१. दोन्हींना इलेक्ट्रिशियनची १०० रुपये मजुरी धरली तर टी-फाइव्हचे ३५० रुपये चार महिन्यांच्या आत वसूल होतात, एलईडीचे ४५० तीन महिन्यांच्या आत. तेव्हा टी-फाइव्ह वाईट आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी स्वतः एका छापखान्याला तीच घ्यायला लावली होती आणि सल्ला बरोबर होता.

आज मात्र ती घेऊ नका. या नळ्यांत पारा असतो. २०२३ मध्ये जिनिव्हात मिनामाता कराराच्या, म्हणजे पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बैठकीत ठरलं की अशा नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत संपवायची. भारताने हा करार २०१८ मध्येच मान्य केलाय. विक्रेता उदार झालाय तो उगाच नाही, त्याला गोदाम रिकामं करायचंय. टी-फाइव्ह नळी चार फुटी नेहमीच्या ट्यूबपेक्षा थोडी आखूड असते, तिला फिटिंगही वेगळं लागतं. उद्या नळी मिळाली नाही की ते फिटिंग भंगारात. शंभर रुपये वाचवून महिन्याला ६९ रुपये जास्त भरायचे, तेही चाळीस ठिकाणी.

मग पैसे कुठून आणायचे? खर्च जाऊन महिन्याला दहा-बारा हजार उरत असतील, तर या महिन्यात हॉलमधल्या २० पट्ट्या बदला, ९ हजारांत. त्यांनी वाचवलेले सव्वातीन हजार पुढच्या महिन्यात उरलेल्या वीसच्या कामी येतील. तेवढे उरत नसतील तर दहा-दहा करा. चाळीसही बदलल्या की महिन्याला सुमारे साडेसहा हजार वाचतात. उरलेल्या वीस ट्यूब? त्यांच्यात एका दिव्यामागे महिन्याला वीस रुपये वाचतात, वसुलीला बावीस महिने. त्या गेल्या की बदला, आत्ता हात लावू नका. ट्यूब तीच असली तरी हॉलमध्ये ती खर्चिक आहे आणि जिन्यात नाही, फरक फक्त तासांचा.

फॉल्स सीलिंगचं कोटेशन मी वीजबचतीत धरतच नाही. ती सजावट आहे. प्रवेश वाढतील असं वाटत असेल तर तिचा हिशेब जाहिरातीच्या खर्चासारखा वेगळा मांडा.

घेताना एक जपा, कारण तुमच्याकडे मुलं दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतात. खोक्यावर वॉट नव्हे, ल्युमेन, म्हणजे प्रकाशाचं माप, वाचा. २,००० च्या खालचं नको. हलक्या ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटची) पट्टी लुकलुकते, नुसत्या डोळ्याला कळतही नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती परत करा. आधी दोनच आणून एका टेबलावर आठवडाभर लावा आणि तिथे बसणाऱ्या मुलांना विचारा. वॉरंटी पक्क्या बिलावर लिहून घ्या. आणि जुन्या फिटिंगमध्ये नुसती एलईडी नळी खोचू देऊ नका. चोक तसाच राहिला तर तो वीज खातच राहील.

काढलेल्या नळ्या घंटागाडीत फोडून टाकू नका. मूळ खोक्यांत उभ्या ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाला द्या. चोक मात्र वेगळे काढा, त्यातल्या तांब्याला भंगारवाला चांगला भाव देतो. देताना वजन स्वतः बघा. त्या पैशांत इलेक्ट्रिशियनच्या मजुरीतला काही भाग तरी निघेल.