तेल-तूप बंद करूनही ट्रायग्लिसराइड 320 वरून का उतरत नाही?

आपल्या वडिलांच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) 320 आणि एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) 138 आल्यावर घरात तेल-तूप बंद केले, तरी फरक पडला नाही, तर आता माशाच्या तेलाच्या कॅप्सूल द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. मी जळगाव भागात आहारसल्ल्याचे काम करते आणि हीच अडचण घेऊन पुष्कळ जण येतात.

तूप, लोणी आणि डालडा यांचा मुख्य परिणाम एलडीएलवर होतो. ट्रायग्लिसराइड मात्र जास्तीची साखर आणि पिष्टमय पदार्थ यांपासून यकृतच तयार करते, आणि दारू त्यात मोठी भर घालते. म्हणून तूप सोडले, पण गोड चहा, ताटातली तिसरी-चौथी भाकरी, त्यावर भात आणि जेवणानंतरची दोन केळी तशीच राहिली, तर हा आकडा हलत नाही. आपल्याकडे केळी घरचीच असल्याने ती कोणी मोजत नाही. दिवसाला एक पुरे. कळण्याची भाकरी अवश्य खावी, तिच्यात ज्वारीबरोबर उडीद असल्याने प्रथिने वाढतात, पण एक किंवा दीडच, आणि सोबत मेथी, भरीत किंवा मुगाचे वरण भरपूर. भरितावर तेलाचा हात आखडता घ्यावा. वरण-बट्टीत पीठ, तळण आणि वरून तूप असे तिन्ही एकत्र येत असल्याने ती सणापुरतीच ठेवलेली बरी. वजन जास्त असेल, तर ते 5 ते 10 टक्के उतरले तरी ट्रायग्लिसराइड चांगलेच खाली येते.

आता कॅप्सूलबद्दल. डबीवर 1000 मि.ग्रॅ. असे ठळक छापलेले असते, पण मागची बारीक अक्षरे वाचली तर साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचे ओमेगा-3 (माशाच्या तेलातला उपयोगी स्निग्ध घटक) फक्त 300 मि.ग्रॅ. निघते. ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी हे ओमेगा-3 रोज 2 ते 4 ग्रॅम लागते, आणि एवढ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, त्यामुळे ती डॉक्टरांनीच ठरवावी. जवसाची चटणी चांगली आहे, पण ती याची जागा घेत नाही. एलडीएलसाठी मात्र रोज 10 ग्रॅम इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास थोडा, पण खरा उपयोग होतो. इतर गोळ्या चालू असतील, तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर ठेवावे.

मधुमेह आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्या, कारण त्यांपैकी एक जरी बिघडलेले असेल, तर नुसत्या पथ्याने भागत नाही. आकडा 500 च्या वर गेला, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा आहाराच्या भरवशावर न थांबता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.