९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला ९६,००० नमुने) ऑडिओ फाईल ४४.१ ला उतरवली की आवाज बिघडतो का, कसं तपासायचं?

बिघडू शकतो, पण ते कन्व्हर्टरवर, म्हणजे रेट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. ४४.१ मध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, त्यामुळे वरचं सगळं फिल्टरने आधी कापावं लागतं, ते नीट कापलं नाही तर ३० किलोहर्ट्झचा सूर दुमडून १४.१ वर येऊन बसतो आणि तो मूळ गाण्यात कुठेच नसतो, म्हणून झांजा, टाळ असले आवाज कर्कश वाटायला लागतात. यालाच एलियासिंग म्हणतात.

गाणं ऐकून ठरवू नका, कान फसतात. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट रेट ९६००० ठेवून साधा साइन चर्प (सलग चढत जाणारा एकच सूर) बनवा, २० हर्ट्झ ते ४८ किलोहर्ट्झ, लिनियर, आवाज थोडा कमीच ठेवा म्हणजे क्लिपिंग (मर्यादेबाहेर जाऊन लहरींची टोकं कापली जाणं) होणार नाही, आणि २४ बिटमध्ये सेव्ह करा. मग ज्या सॉफ्टवेअरवर संशय आहे त्यातून ४४.१ ला कन्व्हर्ट करून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणती फ्रिक्वेन्सी आहे ते दाखवणारं चित्र, बघा (स्केल लिनियर हवं). तिरकी रेघ २२ च्या आसपास जाऊन गायब झाली तर उत्तम. तिथून परत खाली वळली तर ते सॉफ्टवेअर सोडा. सॉक्स (SoX) हे कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि हे काम खरंच छान करतं.