रात्री दोनला नळ येतो तेव्हा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा परवाचा मेसेज मिळाला. पाच ओळींचा, आणि त्यात तीनदा ‘मी वाईट शिक्षिका आहे’. फोन केला असता, पण फोनवर तू रडशील, मग मीही रडेन आणि मुद्दा राहून जाईल. म्हणून कागद घेतला.

पाढा आला नाही म्हणून तू तुझ्या वर्गातल्या त्या मुलीला सगळ्यांदेखत ‘डोकं घरी विसरून आलीस का’ म्हणालीस. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही, तिसऱ्या दिवशी आली ती शेवटच्या बाकावर. ‘मी हात उगारला नाही’ हे मात्र तू दोनदा लिहिलंयस. शिक्षण हक्क कायद्यातलं (2009चा) 17वं कलम तुला पाठ असेल. तिथे मारण्याला मनाई आहे तशीच मानसिक छळालाही. पण तुझी झोप कायद्याने उडालेली नाही, एवढं मी तुला ओळखते. माझ्याच वर्गात वाढलीस तू.

आता माझी गोष्ट ऐक. नोकरीचं चौथं वर्ष, सोलापूरच्या पूर्व भागातली एक शाळा. चौथीतला एक मुलगा दुसऱ्या तासाला हटकून डुलक्या घ्यायचा. एकदा मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. तो उभ्या उभ्या झोपला आणि दाराच्या कडेवर आपटला. कपाळाला खोक पडली. मधल्या सुट्टीत त्याला घेऊन मीच त्याच्या घरी गेले. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू.

एक खोली. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. तेव्हा मला विडीचं काहीच ठाऊक नव्हतं. पानं आदल्या रात्री भिजत घालायची, साचा ठेवून कातरीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर, आणि कारखान्यात नेल्यावर चेकर त्यातल्याही काही बाजूला काढणार. दोरा बांधायला घरातली पोरं असतातच. आदल्या रात्री चार दिवसांनी नळ आला होता, दोन वाजता. पोराने चारपर्यंत घागरी भरल्या आणि मग झोप मोडलीच आहे म्हणून आईसोबत दोरे बांधत बसला. हे सगळं त्यानेच सांगितलं, कारण आईला मराठी येत नव्हतं. ती तेलुगूत काहीतरी बोलली. मला वाटलं, आता बोलणी खाणार. पोरगा म्हणाला, “आई म्हणतीय, बाई, चहा घ्या.”

त्याच्या कपाळाला खोक पाडून मी त्याच्याच घरी चहा प्याले.

त्या दिवसापासून मी एक शब्द बदलला. ‘का केलं नाहीस?’ विचारायचं सोडलं आणि ‘काय झालं?’ विचारायला लागले. ‘का’ म्हटलं की पोरं खोटं तरी बोलतात, नाहीतर गप्प बसतात. ‘काय झालं’ म्हटलं की नळ, आजी, भांडण, पोटदुखी असलं काहीतरी बाहेर येतं. पुढे ‘एमैंदि?’, म्हणजे ‘काय झालं?’, शिकले. तेलुगूतलं माझं हे एवढंच भांडवल, पण त्यावर मी बावीस वर्षं काढली. कधीकधी उत्तर ‘काही नाही, टीव्ही बघत बसलो’ असंही येतं. मग रागाव की! गृहपाठ करून घे. करुणा म्हणजे सूट नव्हे. आपल्याकडे काही बाया दया म्हणून पोरांना वर ढकलतात आणि सातवीत त्यांना जोडाक्षर वाचता येत नाही. मला त्याचा फार संताप येतो, असो.

आता त्या मुलीचं. माफी मागायचीच आहे. चूक वर्गासमोर केलीस, तर माफीही वर्गासमोर. दोन वाक्यांत: ‘मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तसं बोलायला नको होतं.’ बस. तिथे रडू नकोस. तू रडलीस की तुझी समजूत काढायचं काम त्या नऊ वर्षांच्या पोरीवर येतं, आणि तिच्याकडे आधीच बरीच कामं असतील. तिने लगेच हसावं, पुढच्या बाकावर यावं, अशीही आस धरू नकोस. तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे.

आणि तुझं? तेच विचारते: काय झालं? तुझ्याच मेसेजमध्ये खाली बारीक लिहिलंयस. पहाटे पाचला उठणं, सासूबाईंचं पथ्य, दोन डबे, बस, एका वर्गात पंचावन्न पोरं, वर मतदार यादीचं काम. त्यात एप्रिल. पत्र्याखाली दुपारी बाराला आपल्या सोलापूरच्या माणसाला सरबताशिवाय दुसरं काही सुचत नाही. यातलं काहीच तुझ्या बोलण्याचं समर्थन नाही. पण ते वाक्य कुठून आलं, ते यातून कळतं. कळलं तर पुढच्या वेळी ते ओठावर येण्याआधी तुलाच ऐकू येईल. स्वतःला झोडपत बसलीस तर फक्त दमशील, आणि दमलेली बाईच पोरांवर ओरडते.

आपण मुलांना डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगतो. सोलापूरचा मुलगा, जन्म 1910, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, दिवसरात्र जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला. सांगताना आपलाही ऊर भरून येतो. पण तो माणूस 9 डिसेंबर 1942ला गेला, बत्तीसाव्या वर्षी. अपस्माराचे झटके येत होते, तरी काम थांबलं नव्हतं. घरी बायको आणि काही महिन्यांचं मूल. भय्या चौकातल्या स्मारकाला सहल घेऊन जायचे तेव्हा मी पोरांना हेही सांगायला लागले. त्यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. पण सहावीतली एक पोरगी म्हणाली, “बाई, त्यांना कुणी झोपा म्हटलं नाही का?” मला उत्तर सुचलं नाही.

योगसूत्रांत पहिल्या पादातलं तेहेतिसावं सूत्र आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद आणि अपुण्याची उपेक्षा. बौद्ध परंपरेतही मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा अशी चौकडी आहे. करुणा त्यातल्या त्यात सोपी, असा माझा अनुभव. समोर रडणारं पोर असलं की ती येतेच. मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या भल्यात आनंद, अवघड. शेजारच्या बाईंना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा मी पेढा खाल्ला खरा, पण तो घशाखाली उतरायला आठवडा लागला. तेव्हाही स्वतःला ‘काय झालं?’ विचारलं. हेवा वाटला, झालं. कबूल केलं आणि पुढच्या सोमवारी त्यांच्याकडून अपूर्णांक शिकवायची युक्ती मागून घेतली.

रविवारी ये. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, दही तू आण. आमच्याकडे त्याच दिवशी नळ आहे, म्हणून साडेदहाच्या आधी येऊ नकोस. आलीसच तर घागर धरावी लागेल.

तुझी,
बाई